मागच्या फाटकाची सीलबंद कडी

“ऐकलंत का, शाळेतल्या मावशीनं म्हणे मतदानाचं सील फोडलं. आज मोठी गाडी येणार आहे चौकशीला. आणि तिची नोकरी तर...”

समोरच्या काकू एवढं बोलल्या आणि नेमका गल्लीत कचऱ्याचा ट्रक मागे येऊ लागला. त्याच्या पीं-पींमध्ये पुढचं वाक्य बुडालं. ट्रक गेला तोवर काकूही भाजीची पिशवी घेऊन वळणापलीकडे गेल्या होत्या, आणि नोकरीचं पुढं काय झालं तेही त्यांच्याबरोबर गेलं.

माझा जीव टांगणीला लागला. तुम्ही म्हणाल, तुझा काय संबंध? संबंध आहे. ज्या सीलवरून गल्ली कुजबुजतेय, ते माझ्याच गळ्यात होतं. मी शाळेच्या मागच्या फाटकाची कडी बोलतेय.

जन्म माझा भट्टीतला. लोहारानं मला खरं तर एका गोठ्यासाठी घडवलं होतं. गोठेवाला काही न्यायला आला नाही. त्याच सुमारास शाळेचे तेव्हाचे हेडमास्तर कडी शोधत आले. लोहारानं विचारलं, “गुरांनी ढुसण्या दिल्या तरी निघणार नाही अशी आहे. शाळेला चालेल ना?” हेडमास्तर म्हणाले, “शाळेला अशीच पाहिजे.” तेव्हापासून मी इथे. मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर मला बसवलं. वर उचलायची आणि खांबावरच्या आकड्यात टाकायची, एवढंच माझं काम. लहान मुलाचा हात पोचत नाही, हीच माझी सगळी विद्या.

मला लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची हौस नाही. पण फाटकावर राहायचं आणि बघायचं नाही, हे कसं जमावं? पुढं पाहिलं तर गल्ली. मागं पाहिलं तर पहिलीचा वर्ग आणि त्याचा व्हरांडा. शिवाय मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिका बाईंच्या, मोबाइलला रेंज मिळते ती फक्त माझ्यापाशी. शाळेतली एकही गोष्ट माझ्या कानावरून गेल्याशिवाय वर जात नाही.

मावशीची आणि माझी सोबत अठ्ठावीस वर्षांची. शाळेतली घंटा, पाण्याचा पिंप, झाडू आणि मी, ही सगळी तिची खाती. कुणी आत आलं की कडी, कुणी बाहेर गेलं की कडी. तिचा हात आपोआप माझ्यावर येतो, डोक्यावरचा पदर सावरावा तसा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सेवापुस्तकात एक डाग नाही, हे ती महिन्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतेच.

आणि तिची वही. शाळेत येणाऱ्या प्रत्येकानं त्या वहीत लिहायचं. नाव, कुणाला भेटायचं, काम काय, आणि शेवटचा रकाना, मुलाशी नातं. त्यातून देवाचीही सुटका नाही. पहिलीतल्या एका पोरीचे आजोबा जवळजवळ रोज यायचे, कारण पोरगी रोज काहीतरी घरी विसरायची. तिच्या फ्रॉकचं वरचं बटण कायम तुटलेलं, म्हणून सगळे तिला बटणच म्हणतात.

“मावशी, कालच तर लिहिलं होतं सगळं,” आजोबा पाण्याची बाटली हातात धरून म्हणायचे.

“काल कालचं.”

“मी तिचा आजोबा काल होतो, आज नाही का?”

“असाल हो. वहीला कुठं माहीत आहे?”

आजोबा कुरकुरत लिहायचे, बाटली मावशीच्या हातात द्यायचे आणि फाटकाबाहेरूनच परत फिरायचे. रख्ख उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आत सावलीतसुद्धा घेतलं जात नसे. मला वाईट वाटायचं. पण मावशीचं म्हणणं, एकाला सोडलं की दुसरा विचारतो मला का नाही.

अशी आमची कडक शाळा. आणि मग मतदान आलं.

पत्रात लिहिलं होतं की शाळेची इमारत दोन दिवस ताब्यात घेण्यात येत आहे. मुलांना सुट्टी फक्त मतदानाच्या दिवशी. आदल्या दिवशी शाळा अर्धा दिवस भरलेली होती, आणि सामानाचा ट्रक बरोबर मधल्या सुट्टीत मैदानात शिरला. मैदानात दोनशे पोरं धावतायत आणि ट्रक मागे येतोय. ड्रायव्हर आरशात स्वतःचे केस बघत होता. मावशी कवायतीची शिट्टी तोंडात धरून ट्रकच्या मागे उभी राहिली आणि तो थांबेपर्यंत फुंकत राहिली. ड्रायव्हर उतरून म्हणाला, “मावशी, बाजूला व्हा ना, लागेल कुठंतरी.” मावशी म्हणाली, “मला लागलं तर तुला दिसेल. त्यांना लागलं तर दिसणारसुद्धा नाही, एवढीएवढीशी आहेत.”

मग केंद्राचे साहेब आले. मतदान नीट पार पाडायची जबाबदारी त्यांची. माणूस वाईट नव्हे, पण यादीचा. त्यांच्या हातात सामानाची यादी होती. मेणबत्ती, दोऱ्याचं रीळ, लाख, पितळी शिक्का, टाचण्या, पेन्सिली. यादीत जे आहे ते जगात आहे, यादीत नाही ते नाही, असा सरळ हिशेब.

साहेबांनी आधी भिंती तपासल्या. पहिलीच्या व्हरांड्यात अक्षरांचा तक्ता होता. त्यावर छत्री, घड्याळ, पतंग, हत्ती. साहेब म्हणाले, “यातली कुठली चित्रं कुणाची निशाणी असेल सांगता येत नाही. सगळी झाका.” मग हत्तीवर वर्तमानपत्र, पतंगावर वर्तमानपत्र. पोरांना दिसायला नुसतं ज्ञ उरलं.

त्याच्याच शेजारी दुसरा तक्ता होता, ‘आमच्या वर्गाची फुलं’. कागदाची बत्तीस फुलं, प्रत्येक फुलात एका मुलाचा फोटो, नाव, वाढदिवस आणि घरचा फोन नंबर. मावशीनं त्याच्याकडे बोट दाखवलं. “बाई, हा पण काढून ठेवू का? उद्या परकी माणसं येणार.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “राहू दे गं. शाळा किती जिवंत आहे ते दिसू दे लोकांना.”

साहेबांनीही तक्त्याकडे पाहिलं. फूल ही कुणाची निशाणी आहे का, एवढं यादीत पाहिलं, आणि पुढं गेले.

मतदानाच्या दिवशी पुढच्या फाटकातून आत यायचं आणि माझ्या फाटकातून बाहेर जायचं, असा नियम. सकाळी पहिला मतदार बाहेर पडला. मावशीनं कडी लावली. दुसरा आला. तिनं काढली, तो गेला, तिनं लावली. अठ्ठावीस वर्षांचा हात, तो मतदानाला थोडाच ओळखतो. पंधराव्या माणसाला व्हरांड्यात रांग तुंबली. साहेब धावत आले.

“मावशी, हे फाटक उघडं राहिलं पाहिजे.”

“बरं,” मावशी म्हणाली. आणि साहेब वळले तशी कडी लावली. मुद्दाम नव्हे हो. मी शपथेवर सांगते, तिला कळलंही नाही.

साहेब तिसऱ्यांदा आले ते दोऱ्याचं रीळ घेऊनच. मला मागं वळवून फाटकाच्या गजाला बांधलं. फाटकाचा पल्ला भिंतीतल्या हुकाला बांधला. मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली, माझ्या गळ्यापाशी ओतली आणि पितळी शिक्का दाबला. वर चिठ्ठी चिकटवली: ‘हे फाटक परवानगीशिवाय बंद करू नये.’ खाली सही, तारीख, वेळ.

बंद वस्तूला सील करतात, हे मी ऐकून होते. उघडं फाटक उघडं राहावं म्हणून सील केलेलं, माझ्या माहितीत मीच पहिली.

मग दिवसभर माणसं वाहत होती. मोबाइल आत न्यायला बंदी, पाण्याची बाटली तपासायची, काठीवाल्या म्हातारीची काठीसुद्धा उलटसुलट बघायची. पेटीला चार माणसांचा पहारा. फुलांच्या तक्त्याला पहारा नव्हता. त्याच्यासमोर रांग पाऊण तास थांबून होती. एक टापटीप माणूस छोट्या डायरीत काहीतरी उतरवत होता. साहेब त्याच्याकडे बघून कौतुकानं मोठ्या बाईंना म्हणाले, “मतदार किती अभ्यासू झालाय बघा.”

बटणचे आजोबाही मत देऊन आले. फाटकाशी येऊन थबकले. “मावशी, आज वही नाही?”

“आज नाही.”

“म्हणजे नात शाळेत असली की मी परका, आणि नसली की मालक. चांगलं आहे.” आणि ते दोनदा आत-बाहेर करून गेले, नुसतं बघायला कुणी अडवतं का. कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी यादीबरहुकूम सगळं मोजून नेलं. अर्धी जळालेली मेणबत्ती नेली, उरलेलं रीळ नेलं, चार टाचण्या कमी भरल्या तर जमिनीवर वाकून शोधून काढल्या. मी यादीत नव्हते. मला विसरले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली आणि मी तशीच, दोन्ही हात मागं बांधल्यासारखी. मावशी कात्री घेऊन आली. मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि कात्री काढून घेतली.

“मावशी, ही सही आहे. सील तोडणं म्हणजे गुन्हा. माझी नोकरी जाईल, तुमची आधी जाईल.”

“नुसती दोरी बांधू आडवी.”

“फाटक बंद करू नये असं लिहिलंय. दोरी म्हणजे बंदच की.”

मग फोन सुरू झाले, अर्थात माझ्यापाशी उभं राहून. एका ऑफिसानं सांगितलं, मतदान संपलं, आमचा संबंध संपला. दुसऱ्यानं सांगितलं, सील आमचं असलं तरी फाटक तुमचं, तुम्ही अर्ज करा. अर्ज केला. उत्तर आलं की अर्जासोबत सीलचा नमुना जोडावा. आता न तोडता सील जोडायचं कसं, ते लिहिलं नव्हतं. पुन्हा अर्ज. पुन्हा एक.

मोठ्या बाई काही आळशी नव्हेत. तोवरची व्यवस्था म्हणून त्यांनी छान अक्षरात एक पाटी रंगवून घेतली आणि उघड्या फाटकावर लावली: ‘फाटक बंद आहे असे समजावे.’

मावशीला एक स्टूल दिलं आणि सांगितलं, इथून हलायचं नाही. आणि घंटाही द्यायची. आणि पिंपही भरायचा. दिवसातून आठ वेळा घंटा, म्हणजे आठ वेळा स्टूल रिकामं. मी मोजायचे.

चौथ्या दिवशी, छोट्या सुट्टीच्या शेवटी, मावशी घंटा द्यायला पुढं गेली. गल्लीतून तो टापटीप माणूस आला. हातात पत्रकांचा गठ्ठा. पाटी वाचली, हसला, आणि आत आला.

बटण व्हरांड्याच्या पायरीवर बुटाची लेस बांधत होती. तो डायरी उघडून तिच्याकडे बघून म्हणाला, तिचं खरं नाव घेऊन म्हणाला, “तुझा वाढदिवस पुढच्या आठवड्यात ना?”

पोरगी केवढी खूश. “तुम्ही आईच्या ऑफिसातले काका का?”

“तसंच समज,” तो म्हणाला. “कोपऱ्यावर चल, तुला वासाचं खोडरबर देतो.”

ती त्याच्या मागं माझ्यासमोरून गेली. माझ्यापासून वीतभर अंतरावरून. गुरांना अडवणारी मी, गळ्यात लाखेचा शिक्का घेऊन बघत राहिले. आयुष्यात इतकी लाज मला गंजाचीही वाटली नव्हती.

वर्गात पहिलीच्या बाईंनी पोरं मोजली. एकतीस. पुन्हा मोजली. एकतीसच. मावशीनं रिकाम्या पायरीकडे पाहिलं, मग उघड्या फाटकाकडे, आणि चपला तिथंच टाकून गल्लीत पळाली.

कोपरा माझ्या टप्प्यात आहे म्हणून बाकीचं मी पाहिलं. बटण कोपऱ्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्रकं वाटत होती, अगदी मन लावून. ‘पहिलीपासूनच स्पर्धा परीक्षेची तयारी! आमच्या क्लासला या.’ तो माणूस बाजूला सावलीत उभा राहून फोनवर बोलत होता.

मावशीनं पोरीचा हात धरला. तो म्हणाला, “ओ, मी काय पळवून नेलं का? ओळखीची आहे माझी.”

“ओळखीची? आडनाव काय तिचं?”

त्यानं आडनाव सांगितलं. वाढदिवस सांगितला. आईचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. मावशी तिथंच कट्ट्याला टेकली. क्षणभर मलाही वाटलं, खरंच घरचा तर नव्हे?

मग तिनं हळूच विचारलं, “मुलाशी नातं?”

त्यानं डायरीचं पान उलटलं. एवढं एक भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

मावशी बटणला घेऊन परतली. अकरा मिनिटं झाली होती. पोरगी विचारत होती, “मावशी, खोडरबर राहिलं ना माझं?” मावशीनं कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला आणि माझ्या गळ्यातल्या लाखेवर हाणला. एक, दोन, तीन. लाख फुटली, दोरा तुटला. मोठ्या बाई धावत आल्या.

“मावशी, अहो ते सील आहे.”

“बाई, आधी पोरं मोजा.”

मोठ्या बाईंनी मोजली. बत्तीस. मावशीनं पल्ला ओढला, मला उचललं आणि आकड्यात टाकलं. घाईत पहिल्यांदा माझा नेम चुकला.

त्या माणसाच्या क्लासवर पोलीस जाऊन आले. त्यानं लेखी माफी दिली आणि डायरी जमा केली. त्यात साठ मुलांची नावं निघाली. दुसरीचीही फुलं होती ना, शेजारच्याच भिंतीवर. तो नुसता क्लासवाला निघाला म्हणून सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मी नाही टाकला. फाटकानं काही त्याचा धंदा विचारून त्याला आत सोडलं नव्हतं.

आता तुम्हाला कळलं, काकूंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं तेव्हा मी का तडफडत होते ते.

गाडी आली. खरंच मोठी होती. केंद्राचे तेच साहेब उतरले, फाटकाशी आले आणि कडी काढायला हात घातला. आतून मावशीनं माझ्यावर हात ठेवला.

“वहीत लिहा, साहेब.”

“अहो, मी चौकशीला आलोय.”

“मग कामाच्या रकान्यात चौकशी लिहा.”

साहेबांनी गजातून हात घालून लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबले. “मुलाशी नातं... काही नाही.”

“मग बाहेरच थांबा. बाईंना इथंच बोलावते. फोनची रेंजपण इथंच येते.”

साहेब गल्लीत, उन्हात, आजोबांच्या नेहमीच्या जागेवर उभे. मोठ्या बाई आल्या. साहेबांनी विचारलं, “सील कुणी तोडलं?”

“मी,” मावशी म्हणाली. चेहरा पांढराफटक, पण आवाज स्वच्छ.

“माझ्या सांगण्यावरून,” मोठ्या बाई म्हणाल्या.

धडधडीत खोटं. मी साक्षीला आहे. पण इतक्या वर्षांत त्या बाई मला पहिल्यांदा मोठ्या वाटल्या.

“आधी अर्ज करायला हवा होता,” साहेब म्हणाले.

“तीन केलेत. पोच दाखवू?”

साहेबांनी रुमालानं मान पुसली. लाखेचे तुकडे मागून घेतले, पाकिटात घातले, आणि काय सांगू, त्या पाकिटाला सील केलं. मग गाडीच्या टपावर कागद ठेवून आदेश लिहिला. मावशीनं तो मोठ्यानं वाचला, एकेक अक्षर लावत:

‘यापुढे असा प्रकार घडू नये यासाठी मागच्या फाटकावरील कडी कायमची काढून टाकावी.’

मावशीविषयी एक ओळ नाही. तक्त्याविषयी नाही. मुलांविषयी तर नाहीच. दोष माझा ठरला. मी फाटक बंद करते, हा.

गाडी गेली तशी समोरच्या काकू आल्या. “काय हो, गेली का नोकरी?”

“गेली,” मावशी म्हणाली. “कडीची.”

काकूंना हे तितकंसं आवडलं नाही. अर्धीच बातमी खरी निघाली, तीही भलतीचीच. तरी तेवढी घेऊन त्या गेल्या.

उद्या लोहाराचा माणूस येणार आहे मला काढायला. मावशीनं आदेश पुन्हा दोनदा वाचून घेतलाय. “काढा म्हटलंय,” ती मोठ्या बाईंना म्हणाली. “दुसरीकडे लावू नका असं कुठं म्हटलंय? पहिलीच्या व्हरांड्याच्या दाराला लावते. आणि फाटकाला साखळी-कुलूप. साखळीचं नाव नाही यात.” बाई व्हरांड्यात गेल्या आणि स्वतःच्या हातानं बत्तीस फुलं एकेक करून भिंतीवरून उतरवू लागल्या. हत्ती-पतंगावरची वर्तमानपत्रं मात्र अजून तशीच आहेत. ती कुणाच्या परवानगीनं काढायची, ते बाईंना ठरवता येत नाहीये.

तेव्हा हा माझा फाटकावरचा शेवटचा दिवस. जाता जाता एवढंच मागते. पुढच्या वेळी मत द्यायला आलात तर या, खुशाल या, पण ध्यानात ठेवा, ज्या खोलीत तुम्ही दोन मिनिटं उभे राहता तिथं कुणीतरी सहा वर्षांचं रोज बसतं. भिंतीवर त्याचं नाव दिसलं तर वाचू नका. आणि तुमच्या पेटीला जेवढे पहारेकरी लावाल, त्यातला एक त्याच्या फाटकाला द्या.

मावशी घंटेला गेलीय. स्टूल रिकामं आहे. पण मी आकड्यात आहे, उद्या सकाळपर्यंत.